पणजोबा सापडले, पणजी कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या तहसील कार्यालयाच्या आसपास एक काम सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानात, अर्जनवीसाच्या टेबलाशी, नाहीतर झाडाखाली दुचाकीच्या सीटवर कागद पसरून माणसे वंशावळ मांडत असतात. सगळ्यात वर खापरपणजोबा, त्यांच्याखाली एक रेघ, मग पणजोबा आणि त्यांचे भाऊ, मग आजोबा, वडील आणि तळाशी यंदा कॉलेजात जाणारी मुलगी. खाली शपथपत्राचा मजकूर आणि सही. बहुतेक घरांत पूर्वजांची नावे पहिल्यांदा एका कागदावर येतात ती अशी, जातीच्या दाखल्याच्या आणि पडताळणीच्या निमित्ताने.

त्यामागे काही तारखा आहेत आणि त्या इथल्या घराघरांत पाठ असतात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या दिवसाआधीचा कागद काढा आणि त्यातल्या माणसाशी आपले नाते सिद्ध करा, अशी ही परीक्षा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मोडी, उर्दू, फारसीतली दप्तरे राज्यभर उघडली गेली. तेव्हापासून आपला पणजोबा कुठल्या कागदात आहे, हा प्रश्न चावडीवरचा झाला.

मला हा शोध मोलाचा वाटतो. दाखला मिळाल्यावर तो फाइलमध्ये बंद होऊ नये, म्हणून हा लेख. मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या किंवा कोलाम पोडावरच्या घराला मागे कुठवर जाता येते, कुठल्या वाटेने जाता येते आणि ती वाट कुणाला वगळून जाते, हे यात मांडले आहे. ही वंशावळ जवळून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाच पिढ्यांच्या त्या झाडावर बहुधा एकच बाई असते, तळाशी उभी असलेली अर्जदार मुलगी.

इंग्लंडच्या खेड्यात

खेड्यातल्या साध्या माणसाचे पूर्वज शोधण्याची सोय जगात सर्वांत आधी जिथे झाली, त्यांत इंग्लंडचे नाव घ्यावे लागते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये फर्मान काढले की प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. शेतमजूर असो वा जमीनदार, नाव त्याच वहीत. 1 जुलै 1837 पासून सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली. 1841 पासूनच्या जनगणनेत घरोघरची नावे आहेत आणि ती शंभर वर्षांनी लोकांना खुली होतात. 1921 ची जनगणना जानेवारी 2022 मध्ये खुली झाली. 1931 ची मात्र 1942 च्या आगीत जळून गेली, म्हणून तिथल्या वंशशोधकांना त्या एका दशकाची उणीव जाणवते.

तिथल्या गरिबांचेही कागद आहेत. 1662 च्या कायद्यानंतर निराधार माणसाला पोसण्याचा खर्च कोणत्या पॅरिशने करायचा यावर वाद होत. मग त्या माणसाला बसवून विचारले जाई: जन्म कुठला, चाकरी कुठे केली, बायको-मुले किती? खर्च टाळण्यासाठी घेतलेले ते जबाब आज त्याच्या वंशजांना मोलाचे वाटतात. कागद पैशाच्या मागोमाग चालतो, हे तिथेही खरे आणि मारेगावातही.

1837 च्या त्या इंग्रजी जन्मनोंदीत एक रकाना होता: आईचे नाव आणि तिचे लग्नाआधीचे आडनाव. त्या एका रकान्यामुळे तिथल्या शेतमजुराच्या नातवालाही आजीचे माहेर गाठता येते. हा रकाना लक्षात ठेवावा.

आपल्याकडे जनगणना उशिरा आली असे नाही. वऱ्हाडात 1867 मध्येच शिरगणती झाली होती. पण छापून आल्या त्या बेरजा. इतकी घरे, इतकी माणसे. घरोघरच्या नावांचे तक्ते वंशशोधासाठी कधी खुले झाले नाहीत, आणि 1948 च्या जनगणना कायद्याने ते गोपनीयच ठेवले. त्यामुळे मारेगावच्या माणसाला दुसरी वाट धरावी लागते.

नावामागे नको, वावरामागे

ती वाट जमिनीतून जाते. पूर्वज शोधायला निघालेली बहुतेक माणसे नावाचा पाठलाग करतात आणि तिथेच अडकतात. जुन्या दप्तरात आडनाव क्वचितच असते. ‘सोमा वल्द जागो’ एवढीच नोंद, आणि एका गावात दोन सोमा वल्द जागो असू शकतात. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, त्यामुळे तीच दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. तुकाराम कुठे तुका होतो, कुठे तुक्या. आडनाव पुढे शाळेत घालताना मास्तरांनी विचारले तेव्हा पक्के झाले, आणि दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी लिहिली गेली, असेही घडलेले दिसते.

वावर मात्र जागचे हलत नाही. वऱ्हाडात 1860 च्या दशकात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, धुऱ्यावर दगड, आकारणी ठरलेली आणि सारा देणाऱ्या रयतेचे नाव. म्हणून अनुभवी माणूस आधी आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेतो, एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावरून त्या गटाचा जुना सर्व्हे नंबर काढतो आणि मग त्या नंबराचे फेरफार एकामागून एक उलटे वाचत जातो. प्रत्येक फेरफार म्हणजे एक घटना. अमुक मयत, वारस अमुक. भावाभावांत आपसी वाटणी. सावकाराकडे गहाण. विक्री. चारपाच फेरफार वाचले की घराची दोन पिढ्यांची हकीकत समोर येते: कुणाच्या काळात वावर वाढले, कुणाच्या काळात गेले, कोणता भाऊ निपुत्रिक वारला.

या वाटेवरचा एक मोठा टप्पा 1954-55 चा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि तिथला जमीन महसूल कायदा नुकताच झाला होता. त्या वेळी तयार झालेला अधिकार अभिलेख विदर्भात आजही सगळ्यांत जास्त मागितल्या जाणाऱ्या कागदांपैकी आहे. त्याच्या मागे जाण्यासाठी 1928 च्या वऱ्हाड जमीन महसूल कायद्याखालचे हक्काचे कागद आणि त्याआधीची मोजणीची दप्तरे आहेत. मारेगाव पूर्वी वणी तहसिलीत होते, हे इथल्या माणसाने विसरू नये. मारेगावच्या अभिलेख कक्षात नोंद नाही म्हणजे नोंदच नाही, असे समजून घरी परतू नये. वणीचे दप्तर, भूमी अभिलेखचे कार्यालय आणि यवतमाळचा जिल्हा अभिलेख कक्ष, या तिन्ही दारांवर अर्ज द्यावा लागतो.

किती राजवटी, किती दप्तरे

कागद इतक्या ठिकाणी विखुरले, कारण हा मुलूख फार हातांतून गेला. वणी परिसरावर चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. अठराव्या शतकाच्या मध्याला चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने वर्धा नदी ही सीमा ठरली आणि तिच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपला, निजामाकडे गेला. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. 1902 मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले आणि 1903 पासून मध्य प्रांताला जोडून कारभार सुरू झाला. या जिल्ह्याचे नाव आधी वणीवरून ‘वुन’ असे होते. 1905 मध्ये ते यवतमाळ झाले. मग 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र.

कोसारा गावाच्या काठावरून वर्धा नदी पाहताना या सीमेचा अर्थ कळतो. पलीकडे नागपूरकरांचा मुलूख, अलीकडे निजामाचा. दोन कारभार, दोन दप्तरे. सोयरीक मात्र नदी ओलांडून होत राहिली, आजही होते. म्हणून मारेगावच्या घराची आजी पलीकडची असेल, तर तिचा कागद दुसऱ्याच जिल्ह्याच्या दप्तरात.

इंग्रजी अमलात आणखी एक घडामोड झाली. पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी 1865 च्या नियमांनी अख्खी गावे इजाऱ्याने देता येऊ लागली. यवतमाळ जिल्ह्यात आजही कितीतरी गावांच्या नावापुढे ‘इजारा’ लागलेला आहे. 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली, कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली आणि नव्या वावरांसाठी माणसे चहूकडून या मुलखात आली. तेलंगणातून आलेल्या घरांची ‘-वार’ने संपणारी आडनावे त्याच येण्याजाण्याची खूण आहेत. घराण्याची आठवण जर ‘आम्ही मूळचे इथले नाही’ असे सांगत असेल, तर ती टाकाऊ समजू नये. येण्याचे कारण बहुधा इजाऱ्यात, कापसात किंवा दुष्काळात सापडते.

या कागदांतली जुनी पाने मोडीत आहेत, त्याआधीची फारसीत. मोडी वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यांवरचे रुमाल सोडवून घेत होते आणि या. मा. काळे यांनी 1924 मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, तेव्हा मोडी वाचता येणे हे लिहित्या-वाचत्या घरात साधे होते. आज प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात एखादा मोडीचा वर्ग चालला, तर ते पूर्वजांचे ऋण फेडण्याचे मोठे काम होईल.

कोतवाल बुकातले बिननावाचे मूल

जमीन नसलेल्या घरालाही एक कागद मिळू शकतो. गावातल्या जन्ममृत्यूची वही, जिला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. बाळ जन्मले किंवा माणूस गेला की गावकामगार खबर आणी आणि वहीत एक ओळ पडे: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बहुतेक ओळींत बाळाचे नावच नाही. बारसे व्हायच्या आधी नोंद झालेली असे. त्यामुळे ही ओळ आपल्याच आजोबांची, हे ठरवायला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शेजारी ठेवावे लागते. तिथेही सावध राहावे. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांना मास्तरांनी 1 जुलै लावून दिलेली असते.

या वह्यांची पाने एका पाठोपाठ वाचली तर गावाचे दुःखही वाचता येते. 1899-1900 चा मोठा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ मध्य प्रांत-वऱ्हाडात देशातल्या सर्वांत भयंकर थैमानांपैकी एक ठरली. ज्या घराच्या वंशावळीत एक पिढी एकाएकी तुटलेली दिसते, भाऊ नाहीसे होतात आणि एखादा पोरगा मामाकडे वाढलेला निघतो, त्या घराने 1918 च्या पावसाळ्यानंतरची पाने जरूर मागवावीत.

आणि ज्यांच्या पायांनी ही खबर चावडीवर पोचे, ते गावकामगार बहुधा महार समाजातले होते. साऱ्या गावाचे जन्ममरण त्यांनी नोंदवून घेतले. त्यांच्या स्वतःच्या वस्तीतल्या किती घरांकडे आज मागे नेणारा कागद आहे, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारायला हवा.

ज्यांच्या नावे वावर नव्हते

मारेगाव तालुका गोंड, परधान आणि कोलाम यांच्या वस्तीचा आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. जुन्या काळी रानात फिरती शेती होती, पोड जागा बदलत असे. सर्व्हे नंबर असा मुक्काम ओळखत नाही. सारा नाही, म्हणून खाते नाही. खाते नाही, म्हणून पणजोबा नाही.

त्यातच कायद्याची आणखी एक अट होती. काही जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा ठराविक तालुक्यांपुरताच होता; यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांपुरता. ही क्षेत्रबंधनाची अट 1976 च्या दुरुस्ती कायद्याने उठली. तोवर आजोबा मजुरीसाठी तालुक्याची सीमा ओलांडून गेले की नाही, यावर नातवाचे भवितव्य ठरत होते.

पण कागद नाही म्हणजे वंशावळ नाही, असे मुळीच नाही. गोंडांची वंशावळ परधानांच्या कंठात आहे. किकरी हे तंतुवाद्य वाजवत यजमान घराच्या कुळाची, देवाची आणि मूळपुरुषांची कथा सांगणे हे परधानांचे पिढीजात काम. चार, पाच, सहा, सात देवे अशी सगांची, म्हणजे कुळसमूहांची, मांडणी, कोणत्या सगात कोणती कुळे, कुणाशी सोयरीक होते आणि कोण भाऊबंद ठरतात, हे सारे त्या गायनातून ठरत आले. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर आणि शामराव हिवाळे यांनी नर्मदेकाठच्या परधानांवर 1940 च्या दशकात लिहिलेल्या ग्रंथांतून या परंपरेची खोली जगापुढे आली. आडनाव विचारून लगेच ‘किती देवे?’ असे विचारणाऱ्या इथल्या म्हाताऱ्याला आपले कूळ जितके नेमके माहीत असते, तितके कागदवाल्या घरांतही क्वचित असते.

गोंडांतल्या मेश्राम कुळाची रीत तर प्रत्येक वंशशोधकाने समजून घ्यावी. आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोदावरीचे पाणी पायी आणून देवाला अभिषेक होतो आणि मग कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी भेट घडवली जाते. पांढऱ्या वस्त्रांतल्या त्या सुना त्या विधीनंतरच मेश्राम कुळाच्या मानल्या जातात. आमच्या तहसिलीतल्या कागदावर सून येतच नाही. केस्लापुरात तिला सगळ्या कुळासमोर उभे करून तिचे येणे मान्य केले जाते.

कायद्यानेही अलीकडे या आठवणीला मान दिला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या 2008 मधील नियमांत, नियम 13 प्रमाणे, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब आणि जुन्या नोंदीतल्या माणसांशी नाते दाखवणारी वंशावळ, दोन्ही पुरावा म्हणून धरता येतात. पोडावरच्या म्हाताऱ्याचे बोलणे लिहून, वाचून दाखवून, अंगठा घेऊन ठेवणे हे त्यामुळे केवळ आठवण जपणे राहत नाही. त्यावर नातवाचे वावर उभे राहू शकते.

पणजीचा माग

आता त्या झाडाकडे पुन्हा पाहू, ज्यावर बाई नाही. ती खरोखर कुठेच नाही का? शोधले तर सापडते, पण तिच्यावर संकट आले तेव्हाच. नवरा वारला आणि मुले लहान, तेव्हा जमिनीच्या नोंदीत ती ‘बेवा’ म्हणून येते, नाहीतर मुलांच्या नावापुढे ‘अज्ञान पालनकर्ती आई’ म्हणून. मुले सज्ञान झाली की पुढच्या फेरफाराने तिचे नाव कमी होते. कर्ता माणूस गमावलेल्या बाईने पंधरावीस वर्षे वावर राखले, सारा भरला, पोरे वाढवली, एवढी मोठी गोष्ट त्या दोन फेरफारांच्या मधल्या कोऱ्या जागेत असते. या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांची जी वर्षे पाहिली, त्यांतही असंख्य बायांचे नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा आले ते नवऱ्याच्या जाण्यानेच.

लेकीचा माग हक्कसोडपत्रात लागतो. बाप वारला की वारस म्हणून बहिणींची नावे लागतात आणि पुढे भावांच्या नावे हक्क सोडताना त्या नोंदीत प्रत्येकीचे नाव, नवऱ्याचे नाव आणि गाव लिहिले जाते. जिथे तिचे नाव वावरातून गेले, त्याच पानावर ती कुठे नांदायला गेली हे कळते. आजोबांच्या बहिणी शोधायच्या असतील, तर हे पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण आजीच्या आजीचे माहेर मात्र कोणत्याच कागदात नाही. लग्नात नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. ते फक्त बायांनी बायांना सांगितले. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या गावाचे, भावाचे, मावळणीचे नाव येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्यांतला मोठा भाग पश्चिम महाराष्ट्रातला. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी जे आहे, ते त्यांच्याबरोबरच संपते आहे.

बदलाची पावले पडली आहेत. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीने घरधनिणीच्या नावे जमीन करण्याची हाक दिली. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क मिळाला. महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात शासकीय कागदांवर आईचे नाव बंधनकारक केले. इंग्लंडच्या खेड्यात 1837 मध्ये आखलेल्या रकान्यातले निदान आईचे नाव आपल्या बाळांच्या नावात आता आले. पुढच्या शतकातल्या मारेगावकराला आपली आजी सापडेल. मागच्या शतकातल्या आज्यांसाठी मात्र कोणताही कायदा मागे जाऊन रकाना आखू शकत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल, आणि त्यासाठी मुदत थोडी आहे. ऐंशी-नव्वदीतली माणसे आपल्यात आहेत तोवरच.

दाखल्यासाठी केलेली वंशावळ बहुतेक घरांत आता तयार आहे. तिचे झाड अर्धे आहे. दिवाळीत भाऊबीजेला लेकी, आत्या, मावश्या घरी येतात. ते अर्धे झाड त्यांच्यापुढे ठेवावे. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याच्या बायकोचे नाव लिहावे, तेही लग्नाआधीचे. तिच्या बापाचे नाव, माहेरचे गाव. लहानपणी गेलेली मुले. परक्या गावी दिलेल्या बहिणी. दत्तक आलेला, मामाकडे वाढलेला. जे ऐकीव आहे त्यापुढे कुणी सांगितले ते लिहावे आणि जे कागदावरून घेतले त्यापुढे दप्तर, गाव आणि वर्ष. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि एक प्रत कागदावर काढून गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्यावी. पडताळणी समितीला पणजोबा पुरतात, आपल्या घराला ते पुरत नाहीत. आपण निम्मे ज्यांचे, त्या बायांची नावे लिहिली जातील तेव्हाच त्या कागदाला आपण वंशावळ म्हणावे.